पिंपळपानांची शाल

भर दुष्काळात, लातूरच्या उन्हात बसून लोकरीची शाल विणणारा पुरुष साऱ्या मराठवाड्यात एकच होऊन गेला, आणि तो माझ्या बायकोचा मामा होता. मी आकडे तपासण्याची नोकरी केलेला माणूस. खात्री असल्याशिवाय ‘एकच’ हा शब्द लिहीत नाही. तेव्हा जिल्हा नवा होता. कचेरीत जुन्या जिल्ह्याचं नाव छापलेले फॉर्म ढिगानं उरले होते, ते नाव खोडून वर नवं लिहायचं काम माझ्याकडे होतं. टँकर चौथ्या दिवशी यायचा, घरटी चार घागरी मिळायच्या. आमच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहणारे मामा म्हणायचे, “जयभीम जावईबापू! जिल्हा आला, आता पाणी तेवढं येऊ द्या.”

मामा मिलिटरीतून परतले ते लंगडा पाय आणि विणकाम घेऊन. पहाडातल्या फौजी दवाखान्यात पाय प्लास्टरमध्ये असताना एका नर्सबाईनं त्यांच्या हातात सुया दिल्या आणि सांगितलं, ओरडू नका, विणा. तेव्हापासून मामा जे विणत सुटले ते एसटीत, रेशनच्या रांगेत, एवढंच काय, स्वतःसाठी मुलगी बघायला गेले तिथंसुद्धा. (लग्न जमलं.) ओळ चालू असली की ते बोलत नसत, नुसती भुवई वर जायची, म्हणजे थांबा. एकदा नव्या जिल्ह्यात नव्यानंच आलेले एक मोठे साहेब जीप थांबवून मामांना औशाचा रस्ता विचारू लागले. भुवई वर गेली. साहेब रुमालानं मान पुसत उभे राहिले. ओळ संपली, मामांनी सुई फिरवली आणि अदबीनं म्हणाले, “हाव, आता विचारा.”

ही शाल मात्र वेळ घालवायला नव्हती. त्यांना आबा म्हणणारी त्यांची एकुलती लेक सुमन मिलिटरीच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली होती आणि पहिलीच नेमणूक पहाडात. जायचा दिवस ठरला होता. “पोरगी शालीबिगर तिकडं जाणार न्हाई,” मामांनी गल्लीत जाहीर केलं. पांढरी लोकर, तिच्यात जाळीची पिंपळपानं, एका पानात मोजून चौदा भोकं. धूळ लागू नये म्हणून लोकरीचा गुंडा बिस्किटांच्या डब्यात ठेवायचे आणि विणायला बसण्याआधी अर्ध्या कपात हात धुवायचे. जाळीचं विणकाम सुईवर असताना चुरगळलेलं दिसतं, समोरच्या काकूंनी तोंडावर सांगितलं, “आवो मामा, एवढं लई विणून राहिलात, अन् हे तर पोतेरं दिसायलंय!”

“भिजवून ताणली की पानं उघडतात,” मामा म्हणाले. “तवर दम धरा, बाई.”

दम मलाच धरवला नाही. निघायला नऊ दिवस असताना मी चहा पीत त्यांच्याजवळ बसलो होतो. सवयीनं मोजत होतो, आणि सवयीनंच बोलून गेलो, “मामा, खालून सहाव्या रांगेत तिसऱ्या पानाला तेराच भोकं आहेत.”

मामांनी शांतपणे सुई काढली आणि दोन विती शाल उसवली.

“आवो, पहाडात कोण मोजणार हाय?” आमची ही माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली.

“जावयानं मोजलं की,” मामा म्हणाले.

पुढचे आठ दिवस ते जेवायला तेवढे उठत. शेवटचा टँकर आला तेव्हा ओळ अर्ध्यात होती. गल्ली ओरडत राहिली, भुवई वर गेली. घागर घेऊन ते लंगडत पोचले तोवर टँकर रिकामा झाला होता. सुमन निघायच्या दिवशी शाल पुरी झाली तेव्हा घरात एकच घागर उरलेली. ती त्यांनी परातीत ओतली आणि शाल बुडवली. “चहा तुमच्याकडं पितो. आंघोळ माझ्या वाटची सुमन करंल पहाडात.” मग बाजेवर गोधडी अंथरून, बाभळीचे काटे टोचून शाल ताणली, आणि परातीतलं पाणी दारातल्या निंबाला घातलं. उन्हात ती अर्ध्या तासात वाळली. पानं एकेक करून उघडली. काकूंनी तोंडावर पदर धरला.

“मोजा,” मामा मला म्हणाले.

सुमनची एसटी तासाभरात होती. मी मोजायला लागलो. शहाण्णव पानं. एक्याण्णवाव्या पानाला तेरा भोकं होती. मी पुन्हा मोजली. तेराच. मामा काट्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होते. आठ दिवसांत डोळे आत गेले होते.

“बरोबर आहे, मामा. सगळी चौदा.”

नोकरीत आणि संसारात मी जाणूनबुजून चुकीचा आकडा दिला तो तेवढाच. मामांनी मान हलवली आणि एकेक काटा काढायला घेतला.

मामा आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात सुमन आली होती. खांद्यावर तीच शाल, धुऊन धुऊन मऊ झालेली. बोलता बोलता माझी नजर कडेच्या त्या पानावर गेली आणि ती हसली.

“दाजी, तिथंच बघून राहिलात न्हवं? बसमध्ये बसवतानाच आबांनी सांगितलं होतं. एका पानाला तेरा हायत, दाजी मोजताना तिथं थांबले अन् पुढं गेले. तेवढं पान कधी उसवू नको, म्हणाले.”

मी चष्मा पुसला आणि मोजलं. तेराच होती.