सदाच्या सायकलीचा कान

माझ्या धाकट्या भावाची, सदाची, सायकल मी एकदाच दुरुस्त केली. त्यानंतर ती कधीही वाजली नाही. कारण एका शर्यतीनंतर ती कोणी चालवलीच नाही.

सायकल साधी नव्हती. सैन्यात सुभेदार असलेल्या आमच्या मामांनी एका निवृत्त साहेबाकडून ती मिळवली होती. तिला गिअर होते, आणि ते बदलण्यासाठी गुडघ्याजवळच्या तिरक्या दांडीवर दोन छोटे पोलादी दांडे. गावाने त्यांना ‘कान’ म्हणायचे ठरवले. उजवा कान मागे पिरगाळला की चढावर गाडी हलकी होई. (विद्यार्थ्यांच्या बाबतीत मला हा अनुभव कधी आला नाही.)

सैन्यभरतीच्या लेखी परीक्षेत दोनदा नापास झालेल्या सदाला मामांनी शब्द दिला होता, “शर्यतीत पयल्या तिघांत ये, जिल्ह्याच्या संघात नाव लागू दे. खेळाडू म्हणून पलटणीत घ्यायला लावतो.” वयोमर्यादा लक्षात घेता ही शेवटची संधी होती.

आणि नेमका उजवा कान कर्र कर्र वाजू लागला. गिअरची गाडी जाणणारा मिस्त्री सांगलीत होता. सदाच्या पायांना शर्यतीआधी विश्रांती मिळावी म्हणून सायकल एस.टी.च्या टपावर टाकून मीच घेऊन गेलो. मिस्त्रीने कान दोनदा हलवून पाहिला.

“वाजंना का, मास्तर. धरतोय न्हवं? सैल पडला तर कानावरची ही कडी दोन बोटांनी आवळायची. बाकी हात लावू नका.”

मी विज्ञानाचा पदवीधर शिक्षक. ‘घर्षण’ हा धडा मी दरवर्षी शिकवीत असे. त्यातले घर्षणाचे तोटे मी वर्गात समजावून देई आणि फायदे घरी लिहून आणायला सांगे. त्यामुळे मिस्त्रीचे अज्ञान माझ्या तत्काळ ध्यानात आले.

आमच्या घरात वाजणाऱ्या प्रत्येक वस्तूला तेल मिळे. रहाट, पाळणा, शिवणयंत्र, सगळ्यांना. शर्यतीच्या आदल्या दिवशी आईने न मागता बाटली पुढे केली. “घाल की रं चार थेंब. बिचारं किती वरडतंय.”

मी कान उघडला, आतल्या चकत्या रॉकेलने धुतल्या, चार थेंबांऐवजी चौदा घातले आणि सगळे जागच्या जागी बसवले. अंगणात सायकल उलटी उभी करून तपासणी झाली. कान एका बोटाने, लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. (अंगणात खड्डे नसतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.)

“लय झ्याक, आण्णा,” सदा म्हणाला. कडीविषयी मी त्याला काही सांगितले नाही. इतक्या निर्दोष कामाला कडीची गरज काय?

शर्यत साताऱ्याहून मेढ्याकडे. माझे अक्षर चांगले म्हणून वेळा लिहून घेण्यासाठी मला पाहुण्यांच्या जीपमध्ये बसवले होते. पहिल्या चढापर्यंत सदा दुसरा होता. तिथे त्याने कान मागे ओढला, हात सोडला, आणि खड्ड्यांच्या हादऱ्यांनी कान सावकाश पुढे सरकला. गाडी जड झाली. त्याने पुन्हा ओढला. तो पुन्हा सरकला. ज्या घर्षणाने तो कान जागेवर राहात होता, ते मी रॉकेलने आणि तेलाने धुऊन काढले होते.

शेवटी सदाने उजव्या हाताने कान धरूनच ठेवला आणि वाकून, एका हाताने तो चढ चढू लागला.

“त्यो गडी गुडघा का धरून चाललाय?” जीपमधल्या एका पाहुण्याने विचारले.

“पोटात कळ आली आसंल,” दुसरा म्हणाला. “सकाळी लय हाणलं आसणार.”

जीप त्याच्यापासून पाच हातांवर होती. ‘कडी आवळ’ एवढे दोन शब्द ओरडले असते तरी पुरे होते. परंतु चार प्रतिष्ठित माणसांदेखत ओरडायचे कसे? मी दोनदा घसा साफ केला. मनातल्या मनात एक समर्पक वाक्य जुळवले, त्यातले क्रियापद बदलले. तेवढ्यात चढ संपला. दोघे सदाच्या पुढे निघून गेले होते.

सदा चौथा आला. ती वेळ मीच लिहून घेतली, सुवाच्य अक्षरात.

घरी आईने विचारले, “वाजली न्हाई न्हवं रं?”

“न्हाई, आई,” सदा म्हणाला. “आजाबात वाजली न्हाई.”

सायकल गोठ्याच्या आढ्याला टांगली गेली, आणि सदा साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या मोजायला लागला. आजही त्याच्या घरी गेलो की फाटक कर्र वाजते आणि माझी नजर नकळत बिजागरीकडे जाते.

“ऱ्हाऊ दे, आण्णा,” तो आतूनच म्हणतो. “बस. च्या घे.”

मी बसतो. दोनदा घसा साफ करतो. त्याची माफी मागण्याचे वाक्य मी त्या चढापासूनच जुळवतो आहे. क्रियापद तेवढे अजून मनासारखे बसत नाही.