डाव्या नळीतले काडतूस

आरोपी : मी स्वतः, चौथी पास, सदरमधील कचेरीसमोर बसणारा अर्जनवीस. नुकसान झालेला इसम : बळीराम, मिरचीचा शेतकरी, राहणार भिवापूरनजीक, माझा बालमित्र. साल सदुसष्ट, तुरीला शेंगा धरल्या होत्या. साक्षीदार : कोणी नाही — म्हणूनच हे आजवर कोणाजवळ बोललो नाही.

बळीरामची दुनळी त्याच्या आज्याची. तीन पिढ्या तिने तितर पाडले; तरी बिजागरी ढिली नव्हती, नळ्यांत गंजाचा ठिपका नव्हता. हे आधी का सांगतो? — कारण पुढे सर्वांनी दोष तिच्या वयाला दिला.

त्या सकाळी बंदूक मी मागून घेतली. बंदुकीतले मला सर्व कळते, असे मीच गावभर सांगितले होते. काडतुसेही माझीच — एका पक्षकाराने दिलेली, काही जाड, काही बारीक. दोन्ही प्रकारची नळीत जातात, मग फरक काय? विचारता आले असते — पण विचारणार कोण, मी? डाव्या नळीत बारीक घातले. तितर उडाला. चाप ओढला — बार नाही. उघडून पाहतो तर नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस बसते तिथे, काहीच नाही! गेले कुठे? मी भरले होते की नव्हते?

"काहून गा मुन्शी, रिकामीच झाडून राह्यला का?" बळीराम हसला.

"भराचीच राह्यली गा," मी म्हणालो.

खोटे. ते काडतूस मी याच बोटांनी आत ढकलले होते. ते घसरून पुढे नळीत अडकले असेल, हे तेव्हा कळले नाही — की कळले होते? आजही नक्की सांगता येत नाही. त्याने बंदूक घेतली, त्याच नळीत जाड काडतूस भरले, आणि पुढच्या तितरावर नळी हातातच फुटली. डावा अंगठा गेला.

इस्पितळात तोच मला म्हणाला, "बुढी झाली होती गा बंदूक. तुले तं नाई लागलं?"

बळीरामला सही येत नाही. त्याचे अर्ज मीच लिहितो. ठसा डाव्या अंगठ्याचा लागतो. म्हणून प्रत्येक अर्जाखाली माझ्या वळणदार अक्षरात येते — 'जुनी बंदूक फुटून डावा अंगठा गेल्यामुळे उजव्याचा घेतला असे.' लिहिलेले वाचून दाखवतो.

"बराबर लिवलं गा," तो म्हणतो, आणि उजवा अंगठा शाईत बुडवतो.

सबब हे निवेदन सादर. मागणीची जागा कोरी सोडली आहे.