मान आत न घेणारं कासव

रखमाच्या हातातली टाकी कधी स्वस्थ बसली नाही, आणि तोंडही नाही. सोलापूरकडून तुर्भ्याला आली तेव्हा ती दारोदार फिरून पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायची. पुढे घरोघरी मिक्सर आले, पाटे माळ्यावर गेले, तशी ती देवळांसाठी दगडी कासवं घडवू लागली. सासऱ्यानं कापून दिलेला पुठ्ठा दगडावर ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा, की झालं कासव! खरं कासव मात्र तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

खाडीकाठच्या कोळीवाड्यानं नव्या देवळासाठी कासव सांगितलं, तेव्हा छातीच्या डॉक्टरनं तिला दगडाची धूळ कायमची बंद करायला सांगितली होती. म्हणजे हे शेवटचं. हे तरी पुठ्ठ्याचं नको, स्वतःच्या डोळ्यांनी बघून करायचं, असं तिनं मनाशी धरलं आणि कामोठ्यात जनावरांच्या डॉक्टर नमिताकडे जाऊन बसली.

नमिताकडे खोक्यात एक कासव होतं, वनखात्याची माणसं न्यायला येईपर्यंत. पाठ घुमटासारखी, तिच्यावर पिवळ्या चांदण्या, पाय खांबासारखे. कुणा पुण्यवंतानं त्याला तलावात सोडलं होतं. बुडता बुडता वाचलं.

"कासव बुडतंय व्हय?" रखमा उडालीच.

"हे माळरानावरचं, मावशी. गवत खातं. पोहणं याचं काम नाही."

रखमानं बोट लावलं. मान आत, पाय आत! ती लहान पोरीसारखी हसली आणि मग प्रश्नांची सरबत्ती सुरू झाली. तळ्यातलं कसं असतं? त्याची पाठ चपटी, बोटांमध्ये पडदे, पाण्यातून वर येऊन उन्हाला बसतं. आणि दर्यातलं? नमितानं मोबाईलवर दाखवलं. पायांऐवजी जणू वल्हीच. मादी अंडी घालण्यापुरती वाळूवर येते, बाकी जन्म समुद्रात.

"आणि या दर्यातल्याला मान आत घेता येत नाही," नमिता म्हणाली.

"मंग भ्या वाटलं तर कुटं लपायचं त्यानं?"

कोळ्यांच्या देवळाला दर्यातलंच शोभेल, असं रखमानं ठरवलं आणि तसंच घडवलं.

बसवायच्या दिवशी गावच्या पंचांनी कासवाभोवती एक फेरी मारली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "बाई, कासव अंग आत घेतं तशी माणसानं इंद्रियं आवरावी, म्हणून ते देवापुढं असतं. हे तर मान काढून बसलंय. परत न्या."

बोलणं खोटं नव्हतं. एरवी कुणाला हार न जाणारी रखमा, पण ती हत्यारं आवरू लागली. इतक्या कासवांत हे एकच तिचं स्वतःचं होतं, आणि नेमकं तेच नको झालं.

तेवढ्यात पुतळा आजी, गावातली सगळ्यात म्हातारी कोळीण, खाली टेकली आणि दगडी मानेवरून हात फिरवू लागली. तिचा नवरा वादळात दर्यावर गेला तो परतलाच नव्हता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"माजे घोवाचे जाल्यान असाच कासव आयलता," ती म्हणाली. "हलद-कुकू लावून त्यानं परत दर्यान सोरला. दर्यान जो जातं, त्याला डोका लपवाला जागा नाय. यो आमचाच हाय."

पंचांनीच सिमेंटचं घमेलं पुढे सरकवलं. रखमाच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसतही नव्हती. आनंदाच्या भरात तिनं विचारलं, "आजे, त्वांड दर्याकडं करू का?"

"नको गो," म्हातारी म्हणाली. "देवाकडंच कर. दर्या त्यानं पुष्कल बगला."