ट्रॉम्बोनचा रिकामा चौकोन

अवधूत वैशंपायन मूळचा कराडचा, हल्ली मुक्काम अमेरिकेत, मिनिॲपोलिसजवळच्या ईडन प्रेरीत. ऑफिसात तो विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळायचा आणि घरी एका इंग्रजी बँडचा कुलवृत्तांत.

इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर कुणाची तरी कॅसेट त्याच्या खोलीत राहून गेली, तिथून हे सुरू झालं. बँडचं नाव 'द टिन अम्ब्रेलाज', संगीताचं नाव स्का. त्यात गिटारचा ठोका पडायला हवा तिथं न पडता मधल्या फटीत पडतो आणि मागून ट्रॉम्बोन-सॅक्सोफोन वरातीत न बोलावता आलेल्या पाहुण्यांसारखे घुसतात. लग्नाच्या बेंजोवर वाढलेल्या अवधूतला ते माहेरचंच वाटलं. बँडला चाळीसच्या वर वर्षं झाली, चौतीस माणसं आली-गेली. कोण कधी आलं, कुणाशी भांडून गेलं, दोन गाण्यांपुरतं कोण परतलं, सगळं त्याने तक्त्यात मांडलं होतं. चौकोन, बाण, तारखा, वर लॅमिनेशन.

तिकडे कराडात त्याचे वडील नाना खऱ्या वैशंपायनांच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढत होते. सहा वर्षं दर रविवारी फोनवर तेच. "अमेरिकेच्या शाखेचा फॉर्म तेवढा राहिलाय रे."

"भरतो नाना. या वीकेंडला."

बँडच्या तक्त्यात मात्र एकच चौकोन रिकामा होता. तिसऱ्या रेकॉर्डवर ट्रॉम्बोन कुणी वाजवला, हे कव्हरवर छापलेलं नव्हतं. अवधूतच्या मते जगातला सर्वांत सुंदर ट्रॉम्बोन तोच.

ऑगस्टात बँड मिनिॲपोलिसच्या एका पार्कात वाजवायला आला. अवधूतने मंडळाची गणपतीची मीटिंग कॅन्सल केली आणि बायकोला, आसावरीला, गाडीत बसवलं.

"त्यांची कुंडली तुला पाठ आहे. भेटून नवीन काय कळणार?" ती म्हणाली.

"एक नाव."

स्टेजवरच्या सातांपैकी चौघांचा पहिल्या रेकॉर्डच्या वेळी जन्मही झाला नव्हता. मूळचा उरला होता एकटा क्लाइव्ह, सत्तरीचा सॅक्सोफोनवाला. कार्यक्रम संपताच अवधूतने त्याच्यापुढे तक्ता पसरला. क्लाइव्हने चष्मा लावून स्वतःचं आयुष्य मोठ्या कुतूहलाने वाचलं.

"ब्याऐंशीत मी बँड सोडला होता?"

"सात महिने. ड्रमरशी बोलणं बंद होतं तुमचं."

"का बरं?"

"मुलाखतीत तुम्ही हवामानाचं कारण दिलंय."

"असेल, असेल."

अवधूतने घसा साफ करून रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं. क्लाइव्हने बराच वेळ आकाशाकडे पाहिलं. "उंच होता वाटतं. की तो प्लंबर? तू टाक ना काहीतरी. तुझंच नाव टाक, शोभेल."

अवधूतचा चेहरा व्हिसा नाकारल्यासारखा झाला. तेवढ्यात टी-शर्ट घ्यायला गेलेली आसावरी, क्लाइव्हचं बोलणं ऐकतच, एका पांढऱ्या केसांच्या बाईंना घेऊन आली.

"अरे, या मॉरीन. क्लाइव्हच्या मिसेस. टी-शर्टचं टेबल बघतात." मग सहज म्हणावं तसं ती म्हणाली, "तिसऱ्या रेकॉर्डवरचा ट्रॉम्बोन यांचा."

"तुला कुणी सांगितलं?"

"यांनीच. मी विचारलं, तुम्ही काय करता?"

"हां, खरंच की," क्लाइव्ह म्हणाला. "तेव्हा ट्रॉम्बोनवाला आला नव्हता."

"दोन वर्षं आला नव्हता," टी-शर्टची घडी घालत मॉरीन म्हणाल्या.

"मग कव्हरवर नाव का नाही?" अवधूतचा आवाज चिरकला.

"घरचीच होते ना मी."

अवधूतने मार्करने, लॅमिनेशनवरच, जपून नाव लिहिलं. पंचवीस वर्षांचं काम पुरं झालं. परतीच्या वाटेवर गाडी आसावरी चालवत होती आणि तो शेजारी कृतार्थ होऊन बसला होता.

"नानांचा फॉर्म भरलास?" तिने विचारलं.

"भरतो. या..."

"म्हणजे मीही अजून घरचीच."

अवधूतने फोन काढून नानांचा फॉर्म उघडला. पत्नीचं नाव, माहेरचं आडनाव, शिक्षण, भराभर भरलं. पुढचा रकाना होता पत्नीच्या कला व छंदांचा. अंगठा तिथं थांबला. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्याने बराच वेळ खिडकीबाहेर आकाशाकडे पाहिलं.

"इथं काय टाकू गं?"

"उंच आहे वाटतं, असं टाक," आसावरी म्हणाली आणि तिने वळणाचा इंडिकेटर दिला.