माखीनची नापी

देवबागच्या वाळूवर ब्रह्मदेशची सून आली ती १९५४ साली. इथला महादू तिकडे मोलमीनच्या एका लाकूड गिरणीत सुतार होता. तिथल्याच कोळ्याच्या मुलीशी त्याने लग्न केलं होतं. इकडे वडील वारले, आईला एकटी कशी ठेवायची म्हणून तो बायकोला घेऊन घरी परतला. तिचं नाव माखीन. सासूने, काशीबाईने, दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला आत घेतलं आणि मग तिच्याशी बोलणंच टाकलं.

माखीनला समुद्र नवा नव्हता, भात नि मासळीही नवी नव्हती. बाकी सगळं नवं होतं. लुगड्याचा काष्टा चालता चालता सुटायचा. तिच्या देशात माणूस भेटलं की आधी ‘जेवलीस का’ असं विचारतात. इथे जो तो विचारी, “खंय चललंस गो?” म्हणजे कुठे निघालीस. हाही जेवणाचाच प्रश्न असणार असं समजून ती हसून पोट थोपटायची. विहिरीवरच्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. घरामागच्या माडाखाली बसून ती रडून घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कळशी घेऊन त्याच विहिरीवर जायची.

शेजारची सुभद्रा तेवढी मायाळू. एकेक वस्तू हातात देऊन तिने माखीनला शब्द शिकवले. वर्षभरात माखीन बोलू लागली, तीही थेट मालवणीत. काशीबाई मात्र अजून भिंतीला सांगितल्यासारखी बोलायची, “चुलीकडे कोणीतरी बघा.”

पुढच्या वैशाखात जवळा, म्हणजे नखाएवढी बारीक कोळंबी, जाळी फाटेस्तोवर मिळाला. साऱ्या गावाने तो वाळूवर सुकत घातला आणि नेमकं आभाळ भरून आलं. ऊन पडेना. अर्धवट सुकलेल्या जवळ्याला वास सुटू लागला तशी माणसं टोपल्याच्या टोपल्या माडांच्या आळ्यात खत म्हणून ओतू लागली.

माखीन धावत गेली. “ओतू नका! माका द्या!”

“ह्या पोरीचा डोक्या फिरला,” कोणीतरी म्हणालं. पण फेकायचंच होतं, दिलं त्यांनी.

माखीनने जवळा निवडला, सडका बाजूला काढला, उरलेल्यात मीठ घालून उखळात कांडला, पुन्हा मीठ, पुन्हा कांडण. महादू कामावरून आला की मुसळ धरायचा. लगदा मडक्यांत दाबून तिने तोंडं फडक्याने बांधली. तिच्या माहेरी याला नापी म्हणत. वास असा की पडवीत बसवेना. शेवटी काशीबाई तिच्या तोंडासमोर येऊन उभी राहिली.

“घरात मढ्याचो वास सोडलंस गो तू!”

सासू पहिल्यांदाच थेट तिच्याशी बोलली होती. माखीनला हसूच आलं. “आये, आता नको. आषाढात बोला.”

आषाढात होड्या वर काढलेल्या, घरोघरी पेज आणि लोणचं. काशीबाई तापातून उठली होती, तोंडाला चव नव्हती. माखीनने चिमूटभर नापी निखाऱ्यावर भाजली आणि सुक्या मिरच्या, लसूण, ओलं खोबरं घालून वाटली. वासाने काशीबाई उठून बसली.

“ता काय भाजलंस? हडे हाड बघया,” म्हणत तिने वाटण आणायला हात पुढे केला.

ती पेजेची वाटी संपवून दुसरी मागून जेवली. सुभद्रेने कुंपणावरून विचारलं, मग तिच्या जावेने, मग वाडीतल्या सगळ्यांनीच.

पाऊस सरल्यावर सासूसुना पाटीत मडकी घेऊन मालवणच्या बाजारात गेल्या. कट्टा गावच्या एका गिऱ्हाइकाने नाक मुरडलं, “ह्यो कसलो वास?”

माखीन तोंड उघडणार एवढ्यात काशीबाई कमरेला पदर खोचून उठली. “वास? चाखून बघ आधी! माझ्या सुनेन केलेला आसा. होया तर घे, नाय तर फुडे चल!”

त्याने चाखून बघितलं आणि घेतलं. दुपारच्या आत मडकी रिकामी झाली.

त्यानंतरच्या वैशाखात देवबागच्या बायका आपापला जवळा घेऊन महादूच्या घरापुढच्या खळ्यात जमल्या. मुसळं घुमत होती, मिठाच्या गोणी सुटत होत्या, आणि सगळ्यांच्या मधोमध काष्टा घट्ट खोचून उभी असलेली माखीन खणखणीत आवाजात ओरडत होती, “मीठ नीट घाला गो! नासला तर माका सांगू येव नका!”