तळ्याच्या पश्चिमेची तांबडी माती

गेली दोन वर्षं मी देवाकडे काय मागत होते ते लिहायला हात धजत नाही, पण ते लपवून पुढचं सांगितलं तर लबाडी होईल. मी म्हणत होते, यांना सोडव. यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. अर्धांगवायूने उजवं अंग गेलं, वाचा गेली. दिवसभर पाठ पुसायची, कूस बदलायची, चमच्याने पेज भरवायची, आणि संध्याकाळी निरांजन लावून हे असलं मागायचं. सुरुवातीला माझी मलाच किळस यायची. पुढे तीही येईना, इतकी मी दमले होते.

आमच्या घरात देव माझे आणि दगड यांचे, अशी जुनी वाटणी. हे कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर मोखाड्याच्या डोंगरातल्या एका तळ्याचा नकाशा करायला घेतला होता. तिथल्या कड्यात लाव्हाच्या दोन काळ्या थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा आहे. एक लाव्हा थंड झाला, दुसरा अजून यायचा होता, मधल्या काळात जमिनीला जी उसंत मिळाली तिची ही माती, असं हे समजावून सांगायचे. तळ्याच्या तीन बाजूंना यांनी तो पट्टा लाल पेन्सिलीने काढला होता. पश्चिमेला मात्र तो सापडेना, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह. ते सुटायच्या आधीच हे अंथरुणाला खिळले. डावा हात तेवढा हलायचा, आणि तो रोज भिंतीवरच्या नकाशाकडे जायचा, त्या प्रश्नचिन्हाकडे. यांचं एवढं एकच मागणं होतं आणि तेही मला पुरवता येत नव्हतं. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता फार दिवस धरू नका.

नणंद दोन दिवसांसाठी येऊन राहिली. मी यांचा हातोडा पिशवीत टाकला आणि त्या तळ्याकडे जायला खोडाळ्याची एसटी धरली. यांच्यासाठी गेले, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं, मला घरातून पळायचं होतं.

खोडाळ्याहून जीपने पोशेऱ्याच्या अलीकडे उतरले आणि चढायला लागले. खाचरांत भात पिवळं झालं होतं. तळ्याशी पोचेपर्यंत गुडघे बोलायला लागले. पूर्वेच्या कड्यात तो पट्टा लगेच दिसला, कमरेच्या उंचीवर, वीतभर रुंद. वरच्या काळ्या दगडात भोकं आणि भोकांत पांढरे स्फटिक, सगळं यांनी सांगितल्याप्रमाणे. पट्ट्यावर हात ठेवत ठेवत मी उत्तरेकडून वळसा घातला. पश्चिमेला आले आणि पट्टा संपला. पुढे नुसते कोसळलेले धोंडे. दोन तास मी त्यांच्यातून खालीवर केलं. ऊन डोक्यावर आलं, पाणी संपत आलं, आणि मला रागच आला. यांचा, देवाचा, त्या तळ्याचा. दगड फोडल्याशिवाय बोलत नाही, असं हे म्हणायचे. समोर गुडघ्याएवढा एक उभा धोंडा होता. त्याच्यावर हातोडा घातला. कपची उडाली आणि माझ्या मनगटाला लागली.

"बाय, तो वाघोबा आमचा," मागून आवाज आला.

चाळिशीची एक बाई टोपली घेऊन उभी होती. तिने सांगितलं, एरवी त्या दगडाला शेंदूर असतो. पावसाने तो धुऊन जातो आणि दिवाळीच्या आधी वाघबारशीला पाड्यावरची माणसं पुन्हा लावतात. वाघबारस चार दिवसांवर होती. देव उघडा असताना नेमकी मी तिथे गेले होते, हातोडा घेऊन. आता ही चार माणसं बोलावणार, असं वाटलं.

ती जवळ आली, माझं मनगट धरून बघितलं. म्हणाली, "तुला लागला का?"

मी तिथेच खाली बसले आणि रडले. नणंदेला कधी सांगितलं नाही ते त्या परक्या बाईला सांगितलं, मागणंसुद्धा. तिने सगळं ऐकून घेतलं. "मी पण सासूला उचलायची अशीच," ती म्हणाली. "मी पण बोललेली देवाला. कंटाळतो माणूस." मग कपची माझ्या हातात दिली. "त्याच्या पायाशी ठेव."

मी ठेवली, हात जोडले आणि सवयीने ओठ हलायला लागले. तिने मला खांद्याला धरून उठवलं. "मागू नको काय. ठेवायचा नि निघायचा."

मग मी काय शोधत होते ते तिने विचारलं. सांगितल्यावर ती हसली. "तांबडी माती? तीच न्यायला आले मी." धोंड्यांच्या मागे वाकून जावं लागेल अशी कपार होती. आत तोच पट्टा, ओलसर, लालभडक. तिच्या आजीच्याही आधीपासून पाड्यावरच्या बायका भिंती सारवायला इथूनच माती नेत आल्या होत्या. खालची माती उकरली गेली तसा वरचा दगड कोसळत गेला आणि पट्टा धोंड्यांमागे झाकला. पट्टा संपलेला नव्हताच. यांनी जो प्रश्न इतकी वर्षं डोक्यात घोळवला, त्याचं उत्तर बायकांच्या टोपल्यांत होतं.

दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं वीटभट्टीवर कामाला निघणार होती, घराला कुलूप लावून. मी विचारलं, मग आता भिंत कशाला सारवतेस?

"परत आल्यावर घर दिसाय पायजे ना," ती म्हणाली.

तिने सागाच्या पानात मूठभर माती बांधून दिली. दुसऱ्या दिवशी ती मी यांच्या तळहातावर ठेवली. यांनी हुंगली, चिमूटभर पुढच्या दातांत धरून चावून बघितली. चिकणमाती ओळखायला मुलांना असंच शिकवायचे. मग भिंतीकडे बघितलं. मी नकाशा काढून यांच्या छातीवर धरला. यांनी ओल्या तांबड्या अंगठ्याने प्रश्नचिन्हावरून वरपासून खालपर्यंत रेघ ओढली, वाकडीतिकडी. तो हात मग पुन्हा नकाशाकडे गेला नाही, माझ्या हातातच राहिला.

त्यानंतर हे अकरा दिवस जगले. त्या अकरा दिवसांत मी निरांजन लावलं, पण यांना सोडव म्हणाले नाही, ठेव असंही म्हणाले नाही. पेज भरवली, कूस बदलली, दमले. दमणं कमी झालं नाही, पण देवापुढे तोंड लपवावं लागलं नाही. त्या बाईचं नाव मी विचारलंच नाही, ही चुटपुट आहे.

वाघबारस परत आली की मी शेंदूर घेऊन तळ्यावर जाणार आहे. ठेवीन आणि निघेन.