चूक कुणाचीही असो

"चुकलं माह्यं, मिटवा आता," असं म्हणून काका हात जोडायचे. चूक कुणाचीही असो. रांगेत दुसऱ्याचा धक्का लागला तरी माफी यांचीच. वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावकडच्या त्यांच्या गावात रीतच होती: भांडणात वयाने मोठा असेल त्याने आधी चूक पदरात घ्यायची, मग सगळ्यांनी मिळून चहा प्यायचा आणि विषय संपवायचा. असा एखादा म्हातारा तुमच्याही पाहण्यात असेल.

आमची ओळख वाशीमच्या तुरुंगातली. मी विधी सेवेची मोफत वकील. ते शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या भांडणातले कच्चे कैदी. जामीन तोंडावर आला होता. तेवढ्यात स्वयंपाकघरात एका तरण्या कैद्याच्या पायावर उकळतं वरण सांडलं. त्याने काकांचं नाव घेतलं आणि काकांनी अधिकाऱ्यांसमोर सवयीने हात जोडले. झालं! आता नवा गुन्हा अंगावर येणार आणि जामीनही हातचा जाणार.

"काका, तुम्ही सांडलं?"

"नाही वो बाई. त्याच्याच हातून वरणाचा गंज सुटला."

"मग कबूल काहून केलं?"

"पोरगा रडून राह्यला होता. म्या मोठा. मले वाटलं, चहा होईन."

मला हसू आलं आणि रागही आला. मी समजावलं, माणूस तुरुंगात असला तरी त्याच्यावरचा आरोप त्याला सांगावा लागतो, त्याची बाजू ऐकावी लागते, वकील द्यावा लागतो. काकांनी शांतपणे विचारलं, "मंग त्या पोराचंबी आयकतीन ना?"

मी अर्ज दिला, चौकशी लागली. "आज हात जोडायचे नाहीत," असं मी बजावलं होतं. काकांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवले. "म्या सांडलं नाही," एवढं म्हणताना त्यांना घाम फुटला.

पोरगा खाली बघत म्हणाला, "काकाचं काई नाही साहेब. माह्यावरच येईन म्हून भेव वाटलं."

माझा जीव भांड्यात पडला.

जामीन झाला त्या दिवशी स्टँडवर मी काकांना चहा पाजला. राहिलेलाच होता तो. त्यानंतर आमची भेट नाही, आणि वकिलाला अशील पुन्हा भेटू नये यातच सुख असतं.

त्या दिवशी बसमध्ये चढताना एकाने त्यांच्या पायावर पाय दिला. काकांचे हात जुळायला निघाले. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, हात खाली घेतले आणि त्या माणसाला हळूच म्हणाले, "दादा, पाय तुमचा पडला."